गवत कापायचं मशीन धूर सोडतंय? आधी चौकशी, मग पाना

माझी सगळी नोकरी ईएमईमध्ये, म्हणजे सैन्याची वाहनं आणि यंत्रं दुरुस्त ठेवणाऱ्या कोअरमध्ये झाली. निवृत्तीनंतर मी मध्य प्रदेशात महूला राहतो. पावसाळ्यात इथल्या काळ्या जमिनीत गवत असं माजतं की सोसायटीचं मशीन दोन दिवस बंद राहिलं, तरी लोक तक्रार करायला लागतात.

गेल्या पावसाळ्यात एका सोमवारी ते मशीन सुरू केलं आणि पांढरट निळ्या धुराचा लोट उठला. मेकॅनिक म्हणाला, रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागेल. संध्याकाळच्या बैठकीत ठरलं की माळ्याने पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं असणार, तेव्हा खर्चातला काही भाग त्याच्या पगारातून कापायचा. माळी एवढंच म्हणाला, "साहब, शनिवार तक तो ठीक थी." मीही कापायच्या बाजूने मान डोलावली. रात्री झोप येईना. तपास न करता शिक्षा द्यायची, हे मी कुठे शिकलो?

सकाळी मशीन बाहेर काढलं. तपासाचा क्रम तुम्हीही लिहून ठेवा. बिनखर्चाची गोष्ट आधी, खर्चाची शेवटी. आणि हात लावण्याआधी प्लगची वायर काढून बाजूला ठेवा. खाली पातं आहे, चुकून इंजिन फिरलं तर बोटं जातील.

पहिला प्रश्न, धूर कुठून येतो? सायलेन्सरच्या तोंडातून, की बाहेरून? ऑइल भरताना सांडलेले थेंब गरम सायलेन्सरवर पडले तरी धूर होतो. पुसून टाका, काम संपलं.

दुसरा प्रश्न, रंग कोणता? काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. चोक अर्धवट लागून राहिलाय का आणि हवेचा फिल्टर गवताच्या भुश्श्याने चोंदलाय का, ते बघा. निळा किंवा पांढरट निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. मोटारीत पांढरा धूर दिसला की रेडिएटरच्या पाण्याची शंका येते. आपल्या मशीनचं इंजिन हवेवर थंड होतं, त्यात पाणी फिरतच नाही, म्हणून ती शंका इथे सोडून द्या.

आमचा धूर ऑइलचा होता. मग ऑइल पिस्टनच्या वर पोचलं कसं?

आधी माळ्यावरचा आरोप तपासला. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावंच लागतं. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल खाली वेगळं असतं, मिसळलं तर धूर येणारच. टाकीतले चार थेंब पांढऱ्या कागदावर टाकले आणि कागद सावलीत वाळवला. पेट्रोल उडून जातं, ऑइल असेल तर तेलकट डाग राहतो. आमचा कागद कोरा निघाला. माळी निर्दोष.

मग सपाट जागी डिपस्टिक पाहिली. अशा इंजिनात ऑइल साधारण अर्धा ते पाऊण लिटर मावतं, त्यामुळे अर्धा कप जास्त पडला तरी ते धुरातून बाहेर येतं. पातळी वरच्या खुणेच्या वर असेल तर जास्तीचं काढा. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर मात्र मशीन अजिबात सुरू करू नका. कार्बोरेटरची निडल गळतेय आणि पेट्रोल खाली उतरतंय. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खाऊन टाकतं. निडल दुरुस्त करा, ऑइल बदला, आणि काम संपल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करायची सवय ठेवा.

आमची पातळी उलट थोडी कमी होती, आणि वासही नव्हता. म्हणून हवेच्या फिल्टरचं झाकण उघडलं. कागदी फिल्टर ऑइलने चिंब! तेव्हा मला रविवार आठवला. पात्याला धार लावायची म्हणून मीच मशीन आडवं केलं होतं, फिल्टरची बाजू खाली ठेवून, आणि जेवायला निघून गेलो होतो. आडव्या पडलेल्या इंजिनातलं ऑइल ब्रीदरच्या नळीतून फिल्टरमध्ये आणि रिंगांच्या फटीतून सिलिंडरमध्ये गेलं. मशीन आडवं करायचंच असेल, तर फिल्टर आणि कार्बोरेटरची बाजू वर हवी, पेट्रोलची टाकी जवळजवळ रिकामी हवी.

उपाय सोपा होता. प्लग काढला, भोकावर फडकं धरलं, दोरी सात-आठ वेळा ओढली. सिलिंडरमधलं ऑइल फडक्यात आलं. असं ऑइल भरलेलं असताना दोरी अडली, तर जोर करू नका, आधी प्लग काढा. मग प्लग पुसला, कागदी फिल्टर नवा घातला. फिल्टर फोमचा असता, तर साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवला असता. ऑइल खुणेपर्यंत भरलं, मशीन उघड्यावर सुरू केलं. बंद गॅरेजमध्ये कधीही नको, तो धूर जीव घेतो. सायलेन्सरमध्ये उरलेलं ऑइल जळेपर्यंत सात-आठ मिनिटं धूर आला, मग थांबला.

तुमचा थांबला नाही तर? पातळी बरोबर, फिल्टर स्वच्छ, इंजिन गरम, तरीही निळा धूर येतोय आणि ऑइल रोज कमी होतंय, तर ब्रीदरचा व्हॉल्व्ह, मग हेडचं गॅस्केट, आणि सगळ्यात शेवटी रिंगा आणि सिलिंडर तपासा. मेकॅनिक खोटं बोलत नव्हता, तो फक्त शेवटच्या पायरीपासून सुरू करत होता.

त्याच संध्याकाळी पुन्हा बैठक बोलावली. चूक माझी, फिल्टरचे पैसे माझे, हे सगळ्यांसमोर सांगितलं आणि माळ्याची माफी मागितली. तो हसला आणि म्हणाला, "साहब, मुझसे पूछ लेते." खरंच आहे. मशीन रोज हाताळणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा, हे वर्कशॉपमध्ये मी जवानांना शिकवत असे. घरी विसरलो. आता मशीनच्या फिल्टरवर लाल रंगात लिहिलंय, "यह तरफ ऊपर". अक्षर माळ्याचं आहे.