ताटातला श्लेष

श्लेष अलंकार शिकवायला उभा राहिलो की वर्गातली मागची बाके हळूहळू पेंगू लागतात, हा माझा वीस वर्षांचा अनुभव. एका शब्दाचे दोन अर्थ! त्यात एवढे काय, असा भाव त्या चेहऱ्यांवर असतो. या मंडळींना एकदा जपानात नेऊन सोडावे असे मला फार वाटते. श्लेष लिहिणारे जगात पुष्कळ आहेत, ऐकून हसणारेही आहेत. पण श्लेष शिजवून, तळून, कागदात गुंडाळून खाणारे लोक पाहायचे तर जपानी! त्यांच्या खाण्यापिण्याच्या नाना तऱ्हा ऐकून आपण 'काय विक्षिप्त लोक' म्हणून हसतो. पण त्यांपैकी बऱ्याच तऱ्हांची किल्ली स्वयंपाकघरात नसून शब्दकोशात आहे.

याचे मूळ भाषेतच सापडते. जपानीत ध्वनी मोजके, आणि चिनी भाषेतून आलेले शब्द हजारो. मग एकाच उच्चाराच्या पोटी अनेक अर्थ नांदू लागले तर नवल ते काय? नववर्षाच्या सणाला जपानी घरात पदार्थांनी भरलेले लाखी डबे मांडतात. त्यात काळे घेवडे असतात, कारण 'मामे' म्हणजे घेवडा आणि 'मामे' म्हणजे कष्टाळू, धडधाकट. 'ताई' नावाचा मासा असतो, कारण 'मेदेताई' म्हणजे मंगल. 'कोंबू' हे समुद्रशेवाळ असते, कारण 'योरोकोबू' म्हणजे आनंदणे. यात हसण्यासारखे काही नाही. संस्कृतात 'स्नेह' म्हणजे तेल आणि स्नेह म्हणजे प्रेमही. संक्रांतीला तीळ हातावर ठेवून आपण दुसरे काय करतो?

हीच जुनी खोड नव्या दुकानात शिरली की मौज होते. इंग्रजी 'कटलेट'चे जपानी जिभेवर 'कात्सु' झाले, आणि 'कात्सु' म्हणजे जिंकणे! तेव्हा परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलांना डुकराच्या मांसाचे कटलेट घातलेला भात खाऊ घालायची चाल पडली. पुढे किटकॅट नावाच्या चॉकलेटची पाळी आली. 'कित्तो कात्सु' म्हणजे 'नक्की जिंकशील'. क्यूशू बेटाच्या बोलीत तर तो उच्चार किटकॅटच्या अगदी जवळ येतो. आईबाप परीक्षेला निघालेल्या मुलांच्या हाती हा पुडा देऊ लागले. कंपनीने ते हेरले, आणि 2009 मध्ये तर टपाल कार्यालयांतून असे पुडे विकायला ठेवले, वर शुभेच्छा लिहा आणि धाडा! माझा एक माजी विद्यार्थी टोकियोजवळ नोकरीला आहे. त्याने हिरव्या चहाच्या स्वादाचा असा एक पुडा मला आणून दिला. माझ्या आईने तो उलटसुलट पाहिला आणि विचारले, "दह्या-साखरेत काय कमी होते रे?" कमी काही नव्हते. जानेवारी-फेब्रुवारीच्या थंडीत, एका प्रवेशपरीक्षेवर पुढचे आयुष्य टांगलेल्या पोराला आई जे देते, ते तिथे काय आणि इथे काय, एकच असते.

आकड्यांनाही तिथे चव आहे. 'नी' म्हणजे दोन, 'कु' म्हणजे नऊ, आणि 'निकु' म्हणजे मांस. म्हणून दर महिन्याची 29 तारीख खाटकाची पर्वणी. पॉकी नावाच्या सडपातळ बिस्किटकांड्या 1966 पासून खपत आहेत. त्या उभ्या केल्या की एकच्या आकड्यासारख्या दिसतात. तेव्हा 1999 साली, म्हणजे जपानी सम्राटाच्या हेइसेइ शकाच्या अकराव्या वर्षी, अकराव्या महिन्याच्या अकरा तारखेला कंपनीने 'पॉकी दिन' सुरू केला. आता दर 11 नोव्हेंबरला तो साजरा होतो.

व्याकरणाच्या शिक्षकाला भुरळ पडावी असा शब्द 2019 मध्ये तिथे गाजला. तैवानच्या धर्तीचा, टपोऱ्या टापियोकाच्या गोळ्या घातलेला दूधचहा तरुण पोरींना इतका आवडला की त्यांनी 'तापिरु' असे क्रियापदच घडवले! त्या वर्षीच्या गाजलेल्या नव्या शब्दांच्या पहिल्या दहांत ते निवडले गेले. आपण 'लाथ'पासून 'लाथाडणे' केले, तसलाच हा नामधातू. गंमत अशी, की या गोळ्या ज्या कंदाच्या पिठाच्या, त्याच कंदाचा आपला साबुदाणा. पण इतक्या एकादश्या करूनही 'मी आज साबुदाणलो' असे म्हणायचे धाडस आपल्याला झाले नाही.

इथवर सारे गोड. पण श्लेष एकदा गल्ल्यावर बसला की त्याचा हिशेब कोणीतरी चुकवावा लागतो.

'उनागी' हा वामीसारखा सापाच्या आकाराचा मासा. अठराव्या शतकात हिरागा गेन्नाई नावाचा एक हरहुन्नरी पंडित होऊन गेला. उन्हाळ्यात मासे खपेनात म्हणून एका उनागीवाल्याने त्याचा सल्ला घेतला, अशी आख्यायिका आहे. गेन्नाईने पाटी लिहून दिली : 'आज बैलाचा दिवस'. जपानी पंचांगात बारा प्राण्यांचे दिवस फिरत येतात. बैल म्हणजे 'उशी', आणि 'उ'च्या दिवशी 'उ'चे खाणे चांगले अशी समजूत. 'उशी'ला 'उनागी' जुळला आणि दुकानापुढे रांग लागली. ऐन उन्हाळ्यातल्या त्या दिवशी आजही सारा देश उनागी खातो. तळ्यात पोसलेले मासेही बहुतेक समुद्रातून धरून आणलेल्या पिलांचेच असतात. 2014 साली जागतिक निसर्गसंवर्धन संघाने जपानी उनागीची नोंद धोक्यातल्या प्राण्यांत केली.

दुसरे उदाहरण भाताच्या गुंडाळीचे. फेब्रुवारीच्या आरंभी, त्या वर्षीच्या शुभ दिशेकडे तोंड करून, अवाक्षर न बोलता, न कापलेली लांबलचक गुंडाळी संपवायची. कापली तर ऋणानुबंध तुटतो! ही मूळची ओसाकाकडची चाल. 1989 मध्ये हिरोशिमाच्या एका सेव्हन-इलेव्हन दुकानाने ती उचलली, 1998 पासून ती देशभर विकली जाऊ लागली. मग दुकानादुकानांत एवढ्या गुंडाळ्या रचल्या गेल्या की रात्री उरलेला भात टाकून देण्याची पाळी आली. अखेर 2019 च्या जानेवारीत सरकारच्या कृषी खात्याला व्यापाऱ्यांना सांगावे लागले, की मागणी असेल तेवढ्याच बनवा.

म्हणून श्लेषालाच दोष द्यावा काय? मला तसे वाटत नाही. आईने दिलेल्या पुड्यात शब्द हा आशीर्वाद असतो; उरलेल्या भाताच्या ढिगात तो नुसता भाव होऊन बसतो. आणि उनागीच्या बाबतीत तर सुटकेची वाट शब्दातच आहे. त्या दिवसाची अट एवढीच, की खाणे 'उ'चे हवे. 'उदोन' म्हणजे गव्हाच्या जाड शेवया. 'उमेबोशी' म्हणजे खारवलेले आंबट फळ. 'उरी' म्हणजे काकडीच्या जातीची फळे. या दिवशी हीही खाण्याची रीत तिथे आहेच. गेन्नाईच्या पाटीवर बैलाचा दिवस तेवढा लिहिलेला होता, असे ती कथा सांगते. माशाचे नाव लोकांनी आपल्या मनाने वाचले. यंदाच्या उन्हाळ्यात एखाद्या जपानी घरात तेच अक्षर शेवयांच्या वाडग्यात वाचले गेले, तर समुद्रातले एखादे पिलू मोठे होईल आणि सणही पार पडेल.