मँचेस्टरने बोटी दारात आणल्या

आपला कालवा शेताला पाणी देतो. मी लिहितोय तो कालवा मोठ्या बोटींचा आहे.

इंग्लंडातले मँचेस्टर हे तेव्हा कापडगिरण्यांचे शहर होते. तिथे कापूस पिकत नाही. तो बोटीने लिव्हरपूल बंदरात यायचा. १८६१ साली अमेरिकेत युद्ध लागले, तेव्हा आपल्या वऱ्हाडचा कापूसही मुंबईहून तिकडे गेला. पण बंदराचा कर आणि रेल्वेचे भाडे फार! चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

म्हणून १८८२ साली डॅनियल अ‍ॅडमसन यांनी आपल्या घरी सभा बोलावली. बोटी थेट शहरात आणायच्या असे ठरले. पार्लमेंटने दोनदा नकार दिला, १८८५ साली मंजुरी दिली. १८८७ ला खोदाई सुरू झाली. हजारो मजूर राबले. काही अपघातात दगावले. अ‍ॅडमसन १८९० ला वारले. १८९४ साली ५८ किलोमीटरचा कालवा सुरू झाला.

मँचेस्टर समुद्रापेक्षा १८ मीटर उंच. मग बोट चढते कशी? वाटेत पाच ठिकाणी दारे असलेले हौद आहेत. बोट आत आली की मागचे दार लावतात अन् वरचे पाणी सोडतात. पाणी चढते, तशी बोटही चढते.

पुढे बोटी फार मोठ्या झाल्या, त्या मावेनात. १९८२ साली वरची गोदी बंद पडली. खालच्या भागात अजून बोटी येतात.

आमचे बाबाही म्हणतात, कापसापेक्षा गाडीभाडे जड. पालकांनो, पक्क्या रस्त्यासाठी आपणही सभा घेऊ या का?

– इयत्ता ४ थी