निसर्गाचे मुद्दल

कोट्यवधी वर्षांपूर्वी दलदलीतील अरण्ये जमिनीखाली गाडली गेली व त्यांचा दगडी कोळसा बनला. १८८२ साली लंडनमध्ये जगातील पहिले कोळशाचे सार्वजनिक वीजकेंद्र सुरू झाले. कोळशाने ब्रिटनचे कारखाने चालविले, घरे उजळली. परंतु त्याचा धूर घातक ठरला. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर दाट धुरके पसरून हजारो माणसे दगावली. कोळसा जळताना निघणाऱ्या वायूने पृथ्वी तापते, हेही पुढे उमगले. हळूहळू वारा, खनिज वायू इत्यादींनी कोळशाची जागा घेतली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी त्या देशातील अखेरचे कोळशाचे वीजकेंद्र रॅटक्लिफ येथे बंद झाले.

कोळसा काय, खनिज वायू काय, हे निसर्गाचे मुद्दल होय. ते मोडले की परत मिळत नाही. वारा व ऊन हे नित्य मिळणारे व्याज. व्याजावर संसार चालविण्यातच शहाणपण आहे.