सर्व्हर बदलला, फोटो गेले कुठे?

वेबसाइट नव्या सर्व्हरवर नेली, मजकूर नीट आला, पण फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी. लगेच समजूत होते की फोटो कॉपीच झाले नाहीत, आणि सगळं पुन्हा अपलोड करायचा खटाटोप सुरू होतो. बहुतेकदा फोटो जागेवरच असतात. चुकलेला असतो पत्ता. म्हणून आधी तो फोटो वेगळ्या टॅबमध्ये उघडावा. ४०४ आला तर त्या पत्त्यावर फाइल नाही. ४०३ आला तर सर्व्हर ती द्यायला तयार नाही, म्हणजे परवानग्या तपासायच्या. फोल्डरना ७५५ आणि फाइलींना ६४४ सहसा पुरतं. ‘७७७ करून टाका’ हा सल्ला ऐकू नये, कारण मग सर्व्हरवरच्या कुणालाही तिथे लिहिता येतं.

‘नाव तर तेच आहे’ हा सगळ्यांत चिवट गैरसमज. विंडोज सर्व्हर नावातलं कॅपिटल-स्मॉल सहसा बघत नाही, लिनक्स बघतो. कॅमेऱ्याने शेवटचं ‘जेपीजी’ कॅपिटलमध्ये दिलेलं, पानात ते स्मॉल; विंडोजवर वर्षानुवर्षं खपलं, लिनक्सवर पहिल्याच दिवशी ४०४. मराठी नावांत तर आणखी एक मेख आहे, ‘ऱ’. युनिकोडमध्ये तो एकसंध अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता असाही. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल-व्यवस्था दुसरी रीत वापरते. ‘दऱ्या’ या नावाची ही दोन रूपं डोळ्यांना सारखीच, लिनक्सला मात्र वेगळी. (फाइलींची नावं रोमन लिपीत आणि स्मॉल अक्षरांत ठेवणं बरं, मराठीचा कितीही अभिमान असला तरी.)

डोमेनही बदललं असेल, तर वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये नवा पत्ता टाकून भागत नाही. लेखांमधले फोटोंचे पूर्ण पत्ते डेटाबेसमध्ये जुनेच राहतात. जुनं होस्टिंग चालू असेपर्यंत फोटो गुपचूप तिथूनच येतात; ते बंद झालं की बोंब होते. डेटाबेसमध्ये सरसकट शोधा-बदला करणंही घातक. सिरियलाइज्ड नोंदींत मजकुराची लांबीही लिहिलेली असते, पत्ता लांब-आखूड झाला की ती नोंद वाचताच येत नाही. डब्ल्यूपी-सीएलआयची सर्च-रिप्लेस कमांड लांबीही सुधारते. आधी बॅकअप घ्यावा, हे वेगळं सांगायला नको.

अपाचेवरून एनजिनएक्सवर आलेल्यांसाठी एवढंच: डॉट-एचटीअ‍ॅक्सेस ही फाइल एनजिनएक्स वाचतच नाही. फोटोंचे पत्ते वळवणारे नियम तिच्यात असतील, तर ते एनजिनएक्सच्या कॉन्फिगरेशनमध्ये नव्याने लिहावे लागतात.