पंधरा आणि पन्नास यांच्या मधली गाडी

रविवारची चौपाटीवरची गर्दी चुकवून तुम्ही इथवर पोचलात, म्हणजे विषयाची थोडीफार आवड असणारच. आज आम्हाला 'वेगवान जुन्या गाड्या जमवणं आणि पुन्हा उभ्या करणं : एक घरगुती छंद' असा विषय दिलाय. फेरारी-पोर्शेच्या गोष्टी ऐकायला कुणी आलं असेल, तर आधीच माफी मागतो. आमच्या शेडमध्ये दोनच गाड्या आहेत आणि दोन्ही कुर्ल्याच्या कारखान्यातल्या आहेत.

पहिली प्रीमियर ११८ एनई. आमच्या वडिलांनी १९८६ साली घेतली. दुसरी फियाट पालिओ १.६, २००२ ची. सचिन तेंडुलकर जिची जाहिरात करायचा, तीच ही पालिओ. १.६ च्या इंजिनाची ताकद १०० अश्वशक्ती. त्या काळात आपल्याकडच्या छोट्या गाड्यांना याच्या निम्मी ताकद असली तरी लोक खूश असायचे. ११८ एनई तर ऐकायलाच गंमतशीर. सांगाडा मूळ इटलीच्या फियाट १२४ चा, तोही स्पेनमधल्या सीट कंपनीच्या मार्गाने आलेला. इंजिन जपानच्या निस्सानचं, ११७१ सीसीचं. जुळणी मुंबईत. अँबॅसिडर आणि पद्मिनी चालवलेल्या माणसाला ती गाडी म्हणजे विमान वाटायची. वेग हा त्या त्या काळावर ठरतो, हे आधी लक्षात घेऊ या.

आता आजचा मुख्य मुद्दा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी आरटीओत नेऊन तपासून घ्यायची, दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं, महाराष्ट्रात पर्यावरण कर भरायचा. म्हणजे पंधराव्या वर्षी सरकारदरबारी गाडी म्हातारी होते. दुसऱ्या बाजूला, जुलै २०२१ मध्ये केंद्राने 'व्हिंटेज' गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झाली असतील आणि गाडी मूळ रूपात असेल, तर तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती गाडी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठी रस्त्यावर आणता येते.

म्हणजे पंधराव्या वर्षी म्हातारी आणि पन्नासाव्या वर्षी वारसा. मधली पस्तीस वर्षं? त्या काळात ती नुसती 'जुनी गाडी'. शेजारी विचारतात, भंगारात कधी देताय? जर्मनीत तीस वर्षांनंतर ऐतिहासिक गाडीचा 'एच' नंबर मिळू शकतो. जुन्या वाहनांची फिवा नावाची जागतिक संघटना आहे, तीही तीस वर्षांचाच निकष धरते. आपल्याकडे पन्नास. त्यामुळे ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या आणि २००० नंतरच्या सुरुवातीच्या गाड्या या मधल्या पट्ट्यात अडकल्यात.

या पट्ट्यात काय होतं, त्याचं उदाहरण मुंबईने बघितलंय. पद्मिनी टॅक्सी एके काळी हजारोंनी होत्या. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. शेवटच्या पद्मिनीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहरात एकही पद्मिनी टॅक्सी उरली नाही. जी गोष्ट सगळीकडे दिसते ती जपायची असते असं कुणाला वाटतच नाही.

आमचं गणित सांगतो. ११८ एनई २०३६ साली पन्नाशीची होईल. पालिओ २०५२ साली. तेव्हा आम्ही नवरा-बायको ऐंशीच्या घरात आणि मुलगी चाळिशीच्या पुढे असू. एका माणसाच्या हौसेत पस्तीस वर्षांचा हा पट्टा पार होणं अवघड. सुरुवात एकाने करायची आणि शेवट दुसऱ्याने, असंच हे काम आहे. म्हणून आम्ही याला घरगुती छंद म्हणतो. प्रेमाचा भाग आहेच, पण त्याआधी ही साधी बेरीज आहे.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवातीलाच आमची चूक सांगतो. वडिलांची गाडी निस्तेज झाली म्हणून आम्ही एका गॅरेजमध्ये सरळ रंगवायला टाकली. परत आली तेव्हा आरशासारखी चकचकीत. दोन पावसाळे गेले आणि दारांच्या खालच्या कडेला फोड आले. खरवडून बघितलं तर आत बोटभर पुट्टी आणि पुट्टीखाली चाळणी झालेला पत्रा. गंजाला पाणी आणि हवा लागते. पुट्टीला बारीक भेग गेली की पाणी आत शिरतं आणि तिथेच मुरतं. वरून रंग शाबूत, आतून पत्रा संपलेला. आणि आपण राहतो धरणाच्या काठावर. पावसाळ्यातले चार महिने इथे कपडे वाळत नाहीत, तिथे पत्र्याचं काय!

त्यामुळे जुनी गाडी बघायला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा, पातळ फडक्यात गुंडाळून. दाराच्या खालची कड, चाकावरची कमान, डिकीचा तळ इथे फिरवा. पत्र्याची गाडी असून चुंबक चिकटत नसेल तर आत पुट्टी आहे. मग गालिचे उचलून फ्लोअर बघा. कुजलेला पत्रा कापून काढायचा, नवा तुकडा वेल्डिंगने बसवायचा, प्रायमर मारायचा आणि मगच रंग. पुढच्या वेळी आम्ही याच क्रमाने गेलो. सात महिने लागले.

दुसरी गोष्ट ताकदीची. मुलगी कॉलेजात गेली आणि म्हणाली, "बाबा, ११८ मध्ये मोठं इंजिन बसवू या ना!" रात्रीच्या जेवणावर दोन आठवडे हाच वाद. शेवटी तिनेच नियम वाचला. व्हिंटेज नोंदणीसाठी चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत मनाला येईल तसा फेरफार करता येत नाही. म्हणजे आज हौसेने इंजिन बदललं तर २०३६ चा दरवाजा आजच बंद. पट्ट्याच्या मध्यावर घेतलेला निर्णय शेवटाला भोवतो.

मग वेगाचं काय? आमचे मिस्त्रीकाका म्हणतात, "गाडीची गेलेली ताकद आधी परत आणा, नवी नंतर मागा." जुन्या इंजिनाची ताकद तीन वाटांनी जाते. पिस्टनच्या रिंगा झिजतात आणि दाब निसटतो. चारही सिलिंडरचा दाब मोजला की ते कळतं. ठिणगीची वेळ पुढेमागे सरकते. आणि कार्बोरेटर घाण होतो. तिन्ही दुरुस्त केल्यावर आम्ही पहाटे सिंहगडाच्या चढावर गाडी नेली. तापमानाचा काटा मध्यावर स्थिर, दुसऱ्या गिअरमध्ये एकदाही अडखळली नाही. मुलीने मोठ्या इंजिनाचं नाव पुन्हा काढलं नाही. एक मात्र पाळा : इंजिनाआधी ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, ते दोन वर्षांनी बदला. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही छान दिसू दे, आधी तारीख वाचा.

तिसरी गोष्ट नवी आहे : इथेनॉल. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल जुन्या रबराच्या नळ्या आणि पडदे खराब करतं, पाणी ओढून घेतं, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली तर ते पाणी टाकीच्या तळाशी वेगळं होऊन गंज धरतं. शिवाय त्यात ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या जेटवर मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. उपाय साधे आहेत. इंधनाच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला, जेट जाणकाराकडून बघून घ्या, गाडी दर आठवड्याला चालवा, आणि महिनाभर उभी ठेवायची तर कार्बोरेटर रिकामा करा.

सुट्या भागांसाठी निराश होऊ नका. ११८ चं इंजिन डॅटसन १२०० च्या घराण्यातलं, ते जगभर विकलं गेलं, त्यामुळे त्याचे भाग अजून मिळतात. ट्रिम आणि दिव्यांसाठी आम्ही बुधवार-रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात चकरा मारतो. दहा चकरांत एकदा काही हाती लागतं.

शेवटची गोष्ट कागदांची. वडील गेले तेव्हा गाडी त्यांच्याच नावावर होती. मालक वारला तर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नावबदलाचा अर्ज करायचा असतो. दुःखात आमच्या हे ध्यानातच नव्हतं. मुदत संपायला आठ दिवस असताना आठवलं. आम्ही ओळखतो त्यांतल्या दोन चांगल्या गाड्या गंजाने नाही, नावबदल न झाल्याने गेल्या. भावंडांत कुणाच्या नावावर करायची ते ठरेना, आणि गाडी अंगणात कुजली.

प्रश्न आलाय, खर्च किती झाला? खरं सांगायचं तर एकूण बेरीज आम्ही मुद्दाम केलेली नाही, घरात शांतता राहावी म्हणून! पण प्रत्येक पावती एका वहीत चिकटवलेली आहे. वही वडिलांची. पहिल्या पानावर १९८६ चा पेट्रोलचा हिशेब त्यांच्या अक्षरात, मधली पानं आमची, आणि गेल्या वर्षापासून मुलीचं अक्षर. कुठला भाग कधी बदलला, मूळचा कुठे ठेवलाय, सगळं त्यात आहे. गाडी मूळ रूपात असल्याचं २०३६ साली दाखवायचं झालं तर पहिला आधार ही वहीच.

तुमच्याकडे अशी गाडी असेल, तर आज घरी गेल्यावर इंजिन उघडू नका. एक वही काढा, आरसी बुक बघून पहिल्या नोंदणीची तारीख लिहा आणि त्यात पन्नास मिळवा. त्या साली गाडी कोण चालवणार आहे, त्याला शेजारी बसवून मग कामाला लागा.