मातीत लोह, तरी झाडाला केवडा

राजस्थानात जोधपूर-बिकानेरकडच्या परसबागांत लिंबू, पेरू, जास्वंद किंवा गुलाब लावला, शेणखत घातले, पाणीही वेळेवर दिले, तरी शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडू लागतात. शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. दुखणे वाढले की पाने पांढुरकी होऊन कडेने करपतात आणि फांद्या शेंड्याकडून वाळत येतात. यालाच आपण केवडा म्हणतो. तो वाळवंटापुरता नाही. सौराष्ट्रातल्या चुनखडीच्या जमिनीत भुईमूग असाच पिवळा पडतो, आणि आमच्या ज्या वाचकांचे रान चुनखडीचे आहे त्यांनाही हा रोग ओळखीचा असेल.

पहिली गोष्ट पाहावी ती ही, की पिवळेपणा कोठून सुरू झाला. जुन्या पानात बसलेले लोह नव्या पानाकडे सहसा जात नाही, म्हणून लोहाचा तुटवडा नेहमी कोवळ्या पानात दिसतो. खालची जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र कमी आहे. तेथे लोह देऊन पैसे वाया जातील.

खरे म्हणजे त्या मातीत लोह भरपूर असते. पाऊस थोडा, त्यामुळे चुना धुऊन जात नाही. तो मातीत राहतो आणि खाली कंकराचा थर धरतो. अशा जमिनीचा सामू आठ, साडेआठपर्यंत असतो. सामू एकाने वाढला की गंजाच्या रूपातले लोह पाण्यात विरघळण्याचे प्रमाण सुमारे हजारपटीने घटते. झाडाच्या मुळाशी धान्याचे कोठार आहे, पण त्याला कुलूप आहे. बुंध्याशी जुने खिळे किंवा लोखंडाचा कीस पुरण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. चुनखडीच्या मातीत ती गंजात गंजाची भर होय.

पैसे खर्चण्यापूर्वी पाण्याचा हात आवरावा, असे आम्ही आग्रहाने सांगू. सतत ओल राहिली की मुळांना हवा मिळत नाही, आणि चुन्यापासून पाण्यात बायकार्बोनेट तयार होऊन ते लोहाची वाट आणखी अडवते. दोन पाळ्यांमध्ये वरची माती सुकू द्यावी. पुष्कळ झाडे एवढ्यानेच सावरतात.

खात्री करून घ्यायची तर एक सोपी परीक्षा आहे. फ्रान्समध्ये ग्री यांनी 1840 च्या दशकात द्राक्षाच्या पिवळ्या पानांवर लोहाच्या क्षाराचे पाणी लावले, आणि ती पाने हिरवी झाली. आपणही तेच करावे. हिराकशीचे पातळ पाणी दोन-चार पानांवर कापसाने लावून आठ-दहा दिवस वाट पाहावी. लावलेला भाग हिरवा झाला तर दुखणे लोहाचेच.

फवारणीसाठी दहा लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस आणि 10 ग्रॅम लिंबूसत्त्व घ्यावे. हिराकस हिरवट खड्यांची घ्यावी. तपकिरी पूड झालेली जुनी हिराकस कामाची नाही. द्रावण ताजेच वापरावे, ऊन उतरल्यावर फवारावे, आणि आधी एका फांदीवर पाहावे, कारण कोवळी पाने कधी भाजतात. फरशीवर व कपड्यांवर पडलेले डाग निघत नाहीत. दहा-पंधरा दिवसांनी असे दोन-तीन वेळा करावे लागते, कारण नंतर फुटणाऱ्या पानांना हे लोह पोचत नाही. (लिंबूसत्त्व येथे लोह विरघळलेले ठेवते. पालेभाजीवर लिंबू पिळले की तिच्यातले लोह आपल्या अंगी लागते आणि जेवणावर चहा घेतला की कमी लागते, हे घरातल्या मायबहिणींनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.)

गंधक घालून सारी जमीनच सुधारावी, असा सल्ला मिळतो. हिशेब करून पाहा. एका गुंठ्यात सहा इंच खोलीची माती सुमारे वीस टन भरते. तिच्यात शंभरात पाच भाग चुना असेल तर तो एक टन झाला, आणि तो मारायला तीनशे किलोहून जास्त गंधक लागेल! तेव्हा सगळी माती बदलण्याच्या नादी लागू नये. झाडाच्या घेराखाली चार-पाच अरुंद खड्डे घेऊन त्यांत कुजलेले शेणखत, थोडे गंधक आणि हिराकस मिसळून भरावी. मुळे तेवढ्या जागी शिरून लोह घेतात. गंधकाचे काम जिवाणू करतात, त्याला काही महिने लागतात आणि ओल लागते.

मातीतून लवकर गुण हवा असेल तर चिलेट रूपातले लोह मिळते, पण पुडीवरचे नाव वाचून घ्या. ईडीटीए चुनखडीच्या मातीत टिकत नाही; ईडीडीएचए टिकते. ते महाग असते, म्हणून चांगल्या फळझाडालाच द्यावे.

नवे झाड लावायचे असेल तर बोर, डाळिंब किंवा खजूर अशा मातीला अधिक सोसतात. संत्र्या-मोसंबीचे कलम जंबेरी खुंटावरचे मागावे. खड्डा घेताना पहारीखाली कंकर लागला तर तो थर फोडून पाण्याला खाली वाट करून द्यावी आणि मगच रोप ठेवावे.