थांबत-थांबत खेळताना किती कॅलरी जळतात?

घाम आणि गणित : भाग ६

गेल्या आठवड्यात आपण एका लयीत धावणाऱ्याचा हिशेब मांडला. तो सोपा होता. सपाट रस्त्यावर एक किलोमीटर धावलं की वजनाच्या दर किलोमागे साधारण १ किलोकॅलरी खर्च होते. नवी मुंबईतल्या पाम बीच रस्त्याच्या कडेने ५ किलोमीटर धावणाऱ्या ७० किलोच्या माणसाचे ३५० धरले, तर फारसं चुकणार नाही. पण त्याच रस्त्यालगतच्या करावेसारख्या आगरी-कोळी गावांत कबड्डी जिव्हाळ्याची आहे, आणि कबड्डीला हे सूत्र लागू पडत नाही.

एक चढाई बारकाईने पाहा. ती जास्तीत जास्त ३० सेकंदांची. चढाईपटू मध्यरेषा ओलांडतो, बेताने आत सरकतो, बोनस रेषेपलीकडे पाय टाकतो आणि कोपऱ्यावरचा खेळाडू अंगावर आला की झटक्यात मागे फिरतो. अंतर मोजलं तर जेमतेम काही मीटर भरेल. पण दर पावलाला शरीराला वेग द्यायचा, तो मोडायचा आणि पुन्हा द्यायचा, याचीच खरी किंमत पडते. पकडीत तर अंतर नावालाही नसतं. तिघा-चौघांनी चढाईपटूला रोखून धरलेलं असतं, कोणी जागचं हलत नाही, तरी मांड्या आणि खांदे पूर्ण ताकदीने राबत असतात. पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या लेखी तेव्हा काहीच घडत नाही.

अशा झटक्यासाठी स्नायूंत क्रिएटिन फॉस्फेटचा छोटा साठा असतो. पूर्ण जोर लावला की दहाएक सेकंदांत तो ओसरतो. त्यातला निम्मा भरून यायला साधारण अर्धं मिनिट लागतं, जवळजवळ सगळा भरायला तीन ते पाच मिनिटं. हे भरणं प्राणवायूवर चालतं. म्हणूनच आपल्या संघाची चढाई चालू असताना कोपऱ्यावरचा खेळाडू नुसता उभा दिसला, तरी धापा टाकत असतो. मागच्या पकडीची उधारी तो तेव्हा फेडतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९२०च्या दशकात याला प्राणवायूचं कर्ज असंच नाव दिलं. तेव्हा थांबलेला वेळ फुकटचा समजून हिशेबातून वगळणं चूक आहे.

मग मनगटावरच्या घड्याळाचं काय? कबड्डीच्या सामन्यात ते काढूनच उतरावं लागतं. सरावात बांधलं तरी ते मुख्यतः हृदयाच्या ठोक्यांवरून खर्च ताडतं. एका लयीच्या व्यायामात ठोके आणि प्राणवायूचा वापर हातात हात घालून चढतात. झटक्याच्या खेळात ठोके उशिरा चढतात आणि उशिरा उतरतात. शिवाय खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापतं, ठोके वाढतात, पण त्या प्रमाणात कॅलरी जळत नाहीत. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली सात मनगटी यंत्रं तपासली. बहुतेकांनी ठोके बरे मोजले, पण कॅलरींच्या बाबतीत सर्वांत चांगलं यंत्रही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी.

आपण हिशेब असा करावा. स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च म्हणजे १ मेट; दर किलो वजनाला तासाला साधारण १ किलोकॅलरी. कोणत्या हालचालीला किती मेट, याची सूची अमेरिकेत १९९३ साली प्रथम निघाली. तिच्या २०११च्या आवृत्तीत क्रिकेटला ४.८, स्पर्धात्मक व्हॉलीबॉलला ६ आणि स्पर्धात्मक फुटबॉलला १० मेट आहेत. खेळांच्या या आकड्यांत मधलं थांबणं धरलेलंच असतं. म्हणून खेळाचा पूर्ण वेळ घ्या. धावण्याचीच मिनिटं वेचून त्यांना या आकड्याने गुणू नका. मात्र मैदानाबाहेर बसलेला वेळ वेगळा काढा.

कबड्डी व्हॉलीबॉल आणि फुटबॉल यांच्या मध्ये कुठेतरी बसते, असं मी धरतो. ७० किलोचा खेळाडू ४० मिनिटांचा अख्खा सामना मैदानात राहिला, तर खर्च २८० ते ४७० किलोकॅलरी येईल. त्यातली २० मिनिटं तो बाद होऊन बाहेर बसला, तर बसण्याचे १.३ मेट धरून हाच पट्टा १७० ते २६० वर येतो. एकच संघ, एकच सामना, पण खर्च निराळा.

टेनिस चेंडूच्या क्रिकेटमध्ये हा फरक आणखी ठळक दिसतो. याच ७० किलोच्या खेळाडूने मैदानावर दोन तास घालवले म्हणून ४.८ ने गुणलं तर ६७२ येतात. पण त्यातला एक तास फलंदाजीची वाट पाहत सीमारेषेबाहेर बसण्यात गेला असेल, तर खरे ४२७. घरी स्वस्थ बसूनही १४० गेलेच असते. म्हणजे खेळामुळे जादा जळाले ते जेमतेम २८७.

हे कळकळीने सांगण्याचं कारण म्हणजे कबड्डीत किशोर आणि कुमार गटांना असलेली वजनाची मर्यादा. वजन बसवण्यासाठी काही मुलं घड्याळाचा आकडा पाहून जेवण तोडतात. सरावानंतर काट्यावर उतरलेलं वजन बहुतांशी घामाचं असतं. पाणी प्यायलं की ते परत येतं. वाढत्या वयात अंदाजी आकड्यासाठी भाकरी कमी करणं धोक्याचं आहे. आकडा नेहमी पट्ट्यात लिहा, दोन-तीन आठवड्यांचं सकाळचं वजन नोंदवा आणि त्यावरून ताटातलं ठरवा. प्रशिक्षकांनीही मुलांना हेच शिकवावं.

पुढच्या आठवड्यात : खो-खो. आठ जण बसलेले, एक धावतोय. तिथला हिशेब कसा मांडायचा?